उभ्या गाडीचा गार्ड

तळं निवडायचं काम कमळाबाईंनी आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा घरात हसायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच. एरवी हसण्यासारखंच होतं. जन्मात कधी तंबूत पाठ न टेकलेली बाई, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायलासुद्धा जिला भिंतीकडचीच जागा लागे, ती आता झाशीच्या आसपासची तळी पारखायला निघाली होती. पण मुलगा यज्ञेश्वर गप्प राहिला, कारण आदल्याच दिवशी आईने त्याच्याकडून शब्द घेतला होता.

शब्द असा, की चार दिवस अनंतरावांना एखाद्या तळ्याकाठी तंबूत नेऊन ठेवायचं. तिथे ते स्वस्थ राहिले, तर ‘तिकडचं’ नाव घरात पुन्हा काढायचं नाही. तिथेही उठून चालू लागले, तर कमळाबाई आपण होऊन त्यांना ‘तिकडे’ घेऊन जातील. ‘तिकडे’ म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. तिथे डोक्याला वीज लावतात असं यज्ञेश्वर सांगे. तो कचेरीत कारकून, चार लोकांत ऊठबस, त्याला अशा गोष्टी माहीत असत. गल्लीतल्या मिश्राजींचा भाऊ अशाच कुठल्याशा इस्पितळातून परत आला होता. दिवसभर गुणी बाळासारखा बसून राही आणि स्वतःच्या बायकोला ‘बहनजी’ म्हणे. कमळाबाईंनी ते आपल्या कानांनी ऐकलं होतं.

अनंतराव, म्हणजे कमळाबाईंचे यजमान, रेल्वेत गार्ड होते. ऐन तारुण्यात भुसावळहून झाशीला बदलून आले आणि झाशीचेच झाले. गाडीच्या शेपटाला जोडलेल्या डब्यात बसून या माणसाने आपलं अर्धं आयुष्य मागे पळणारे रूळ बघण्यात घालवलं. जी.आय.पी. रेल्वे जाऊन सेंट्रल रेल्वे आली, साहेब गेले, टोप्या बदलल्या, पण यांचा डबा तोच आणि रूळ तेच. घरी आल्यावर कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. लाईनवरचं लाईनवर, असा त्यांचा खाक्या होता. कमळाबाईंनीही कधी खोदून विचारलं नाही. नवरा सुखरूप घरी आला, डब्यातली भाकरी संपली, यापलीकडे रेल्वेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

मग निवृत्ती आली. हारतुरे झाले, झेंड्या आणि हातबत्ती सरकारजमा झाली, आणि रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं. सून अंबिका झाशीच्याच जुन्या मराठी घराण्यातली. तिच्या ओळखीने दतिया गेटच्या आत एका बोळात घर मिळालं. घरमालक अभिमानाने म्हणाला, इतकं शांत घर अख्ख्या शहरात सापडणार नाही. ते अगदी खरं होतं. दुपारी जेवणं झाली की त्या बोळात माशी उडाली तरी ऐकू यायची.

आणि तिथेच ते सुरू झालं. दुपारी सगळी आळी पेंगली की अनंतराव अंथरुणात ताडकन उठून बसत. पायात बूट चढवत. भर उन्हात कोनाड्यातला कंदील पेटवून घेत आणि निघत. बोळ ओलांडून मोठ्या रस्त्याला लागत, बरंच अंतर चालून जात, मग खिशातून तीन सुपाऱ्या काढून रस्त्यावर ओळीने ठेवत आणि त्यांच्यापलीकडे हातात लाल कापड धरून उभे राहत. ते लाल कापड म्हणजे कमळाबाईंचा खण. माहेरून आलेला, ट्रंकेत जपून ठेवलेला. तो ट्रंकेतून कधी गेला हे त्यांना कळलंच नव्हतं.

कोणीतरी ओळखीचं दिसे, दंडाला धरून घरी आणी. अनंतराव हूं की चूं न करता येत, खाली मान घालून बसून राहत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की या गोष्टीचा विषय त्यांच्यापुढे काढू नका, मनाला ताण बसतो. त्यामुळे घरात सगळे त्या विषयाच्या कडेकडेने चालत. मग एक दिवस गिट्टी भरलेली लॉरी अनंतरावांच्या पुढ्यात येऊन अशी थांबली, की तिच्या नाकाची ऊब त्यांच्या सदऱ्याला लागली. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यातच मटकन बसला. अनंतराव मात्र जागचे हलले नव्हते. त्या संध्याकाळी यज्ञेश्वरने ‘तिकडचा’ विषय काढला, आणि कमळाबाईंनी शब्द मागून घेतला.

तंबूची कल्पना खुद्द अनंतरावांची. हवापालट करा, मनाला शांतता द्या, असं डॉक्टर सांगत होते. ते ऐकून हे कोपऱ्यातून म्हणाले, की कुठेतरी पाण्याच्या काठाला राहुटी ठोकू या, या भिंती आता नकोत. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून मागितलेली ही एकच गोष्ट. कमळाबाईंनी ती घट्ट धरून ठेवली.

आता जागा कुठली? कमळाबाईंचा हिशोब सरळ होता. रेल्वेने नवऱ्याच्या डोक्यात घर केलंय, तेव्हा रेल्वेपासून जितकं लांब तितकं बरं. पाणी गोड हवं, सावली हवी, जमीन चढाची हवी, हे सगळं खरं. पण सगळ्यात आधी, गाडीचा आवाज कानावर पडता कामा नये. एवढी एक खूणगाठ बांधून, आणि तळं स्टेशनापासून बरंच आत आहे असं कळल्यावर, त्या पहिल्या रविवारी पॅसेंजरने बरुआसागरला गेल्या. बरोबर अंबिका आणि अनंतराव.

बरुआसागरचं तळं काठोकाठ होतं. वर टेकडीवर गढी, खाली दगडी पायऱ्या, काठाने आमराई. बागेचा रखवालदार त्यांना एक सपाट तुकडा दाखवत होता. जवळ विहीर, जळण हवं तेवढं, वारा अडवायला झाडं. “माताजी, ईसें अच्छी जगा पूरे बुंदेलखंड में नईं मिलने,” तो म्हणाला, आणि कमळाबाईंना ते पटलंही होतं. त्यांनी मनातल्या मनात चूलसुद्धा मांडली. दशम्या आणि लोणच्याची फोड हातात घेऊन सगळे पायऱ्यांवर बसले, आणि तेवढ्यात आमराईच्या मागून इंजिनाची शिटी आली. मग डब्यांचा खडखडाट, बराच वेळ.

कमळाबाईंचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अनंतरावांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं, “लेट आहे,” असं पुटपुटले, आणि घड्याळ ठेवून तिथेच पायरीवर आडवे झाले. पाहता पाहता घोरायला लागले.

“आई, बाबूजी तर सोऊन गेले,” अंबिका हळूच म्हणाली. तिची मराठी अशीच, दोन घरचं पाणी प्यालेली. “कितने दिनांनी असे झोपलेत.”

“झोपू दे,” कमळाबाई म्हणाल्या. “पण ही जागा नको. गाडी ऐकू येते.”

रखवालदाराला वाईट वाटलं. त्याने दुसरा तुकडा दाखवला, तिसरा दाखवला. कमळाबाईंनी सगळे नाकारले.

पुढच्या रविवारी गढमऊ. तिथलं तळं उघडं, मोकळं, काठाला बगळे. तिथे तर एक मालगाडी त्यांच्या डोळ्यांदेखत पलीकडून गेली. अनंतराव त्या दिवशी भलतेच खुशीत होते. गुराख्याशी बुंदेलीत गप्पा काय मारल्या, दोन पुऱ्या जास्त काय खाल्ल्या, सुनेला पाण्यावर चपट्या खापऱ्यांच्या भाकऱ्या उडवून काय दाखवल्या. कमळाबाई मात्र आतल्या आत चडफडत होत्या. इतकी चांगली जागा, आणि तिच्या उरावर ही रेल्वे. मनात कुठेतरी एक गोष्ट बोचत होती, पण ती नेमकी कुठे आहे ते त्यांना सापडेना, आणि सापडत नाही म्हणून त्या आणखीच चिडल्या. घरी परतताना त्यांनी विनाकारण टांगेवाल्याशी भांडण काढलं.

त्या दिवसांत त्यांना स्वतःलाही एका जागी बसवत नसे. भाजी चिरता चिरता उठत, दाराशी जात, परत येत. रात्री कूस बदलून बदलून चादरीचं बोचकं होई. स्वप्नात नवरा आपल्याला ‘बहनजी’ म्हणताना ऐकू येई आणि दचकून जाग येई. यज्ञेश्वर रोज कचेरीतून आला की नुसतं विचारी, “मिळाली जागा?” त्याला उशीर नको होता. तो वाईट मुलगा नव्हता; लॉरीची ती ऊब त्याच्याही डोक्यातून गेली नव्हती.

शेवटी अंबिकाच म्हणाली, की गुरसरायला माझे मामा आहेत, विद्याधरमामा, त्यांच्या गावाबाहेर मोठा ताल, म्हणजे तळं, आहे, तिकडे बघू. गुरसराय एके काळी मराठ्यांची जहागीर. जहागीर गेली, पण कारकुनांची दोन-चार घरं मागे राहिली होती, त्यांतलं एक या विद्याधररावांचं. सासूसुना दोघीच सर्व्हिस मोटारीत बसून गेल्या. अनंतरावांना मोटार लागते, म्हणून ते यज्ञेश्वरजवळ घरीच राहिले.

ताल पाहून कमळाबाईंचं समाधान झालं. लांबच लांब मातीचा बांध, बांधावर बाभळी, आणि पाणी असं निश्चळ की त्यात आभाळ जसंच्या तसं पडलेलं. बांधाच्या टोकाला उंचवट्यावर महुआची, म्हणजे मोहाची, झाडं होती, तिथे राहुट्या मजेत बसल्या असत्या. कमळाबाई तिथे उभ्या राहिल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या. काही नाही. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

“इथून रेल्वे किती लांब?” त्यांनी विचारलं.

विद्याधरराव हसले. ते जुन्या चालीचं ठसठशीत मराठी बोलत. “विहीणबाई, इथल्या पोरांनी आगगाडी चित्रात पाहिली असेल तेवढीच. आवाज म्हणाल तर आपला आपल्याला ऐकू येईल, बाकी काही नाही.”

झालं. कमळाबाईंनी तिथल्या तिथे जागा पक्की केली. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं, महुआ, बांध, गोड पाणी. अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तिथून गाडी केवढ्यावर आहे. कमळाबाई विजयाने म्हणाल्या, की ऐकूसुद्धा येत नाही. “बरं,” अनंतराव म्हणाले, आणि सदऱ्याचं वरचं बटण काढून पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

पौषातल्या थंडीत ते चौघे गुरसरायला पोचले; अनंतरावांनी मोटार कशीबशी सोसली. विद्याधररावांनी दोन राहुट्या आधीच ठोकून घेतल्या होत्या. पहिला दिवस सामान लावण्यात, चूल मांडण्यात, विंचू-काटा झाडण्यात गेला. विद्याधररावांचे गडी येत-जात होते, हाका मारत होते, त्या गडबडीत अनंतराव अगदी माणसात होते. कमळाबाईंनी यज्ञेश्वरकडे एकदा बघून घेतलं. त्यानेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गडी गेले आणि ताल आपल्या मूळच्या स्वभावावर आला. सगळं कसं चिडीचूप. यज्ञेश्वर पुस्तक घेऊन पडला, अंबिका वाळू आणून भांडी घासत बसली. अनंतरावांनी राहुट्यांच्या सगळ्या खुंट्या हातोडीने ठोकून पाहिल्या. दोऱ्या ताणल्या, सैल केल्या, पुन्हा ताणल्या. मग त्यांनी पाण्यापर्यंत फेरी मारली. परत आले, बसले, उठले. पुन्हा खुंट्या. हातोडीचा आवाज थांबला की ते मान वर करून इकडेतिकडे बघत, जणू कोणीतरी काहीतरी सांगायचं विसरलंय. कमळाबाईंनी त्यांना जवळ बोलावून तांदूळ निवडायला बसवलं. ते निवडत राहिले, पण त्यांचे पाय बसल्या जागी हलत होते. “फार शांत आहे गं इथं,” ते एकदा म्हणाले. कमळाबाई म्हणाल्या, “म्हणूनच तर आणलंय.”

संध्याकाळ झाली. सूर्य बाभळींच्या मागे गेला, बगळे बसले, आणि उरलासुरला किलबिलाटही संपला. कमळाबाई चुलीवर पिठलं ढवळत होत्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून पदराने डोळे पुसले, आणि डोळे उघडले तर तांदळाचं सूप होतं, माणूस नव्हता. राहुटीच्या खांबाला टांगलेला कंदील नव्हता. त्यांनी धावत जाऊन, जिच्या तळाशी खण दडवून आणला होता ती पिशवी उपसली. खणही नव्हता.

यज्ञेश्वर पुस्तक मिटून उभा राहिला होता. त्याने आईला एका शब्दाने दोष दिला नाही. तो नुसता म्हणाला, की उद्या सकाळची मोटार धरू. मग तो अंबिकेला म्हणाला, की मामांच्या गड्यांना बोलाव, अंधारात पाण्याबिण्यात गेले तर पंचाईत व्हायची. अंबिका वस्तीकडे पळाली. कमळाबाईंनी पातेलं खाली उतरवलं.  आपणच ही जागा निवडली, दोन चांगल्या जागा लाथाडून निवडली, आणि आपल्याच हाताने नवऱ्याला ‘तिकडे’ पोचवलं, या विचाराने त्यांना तिथेच बसून रडावंसं वाटलं.

“मी जाते,” त्या म्हणाल्या. “मी येईपर्यंत कोणी यायचं नाही.”

बांधावरची वाट सरळ होती. कमळाबाई झपाझप चालत राहिल्या, काट्याने पदर फाटला तरी थांबल्या नाहीत. बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या पायाखाली काहीतरी टणक आलं. वाकून पाहिलं तर सुपारी. पुढे आणखी एक, आणखी एक. आणि त्यांच्या पलीकडे अनंतराव, वाटेच्या मधोमध, पाठ ताठ, एका हातात कंदील आणि त्याच्यापुढे दुसऱ्या हाताने धरलेला खण. उजेड लाल पडला होता.

नेहमीप्रमाणे दंड धरायला कमळाबाईंनी हात पुढे केला. पण दम लागला होता, पाय दुखत होते, आणि उद्या काय व्हायचं ते ठरल्यासारखंच होतं. आता ताण बसला काय आणि न बसला काय. त्यांनी हात मागे घेतला आणि इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“अहो, तुम्ही इथं काय करताय?”

अनंतरावांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं. कामात असलेल्या माणसाला कोणी मध्येच हटकलं की तो जसा बघतो, तसे ते बघत होते.

“गाडी उभी राहिली आहे,” ते म्हणाले.

“कुठली गाडी?”

“आपली. अशी मध्येच. ना स्टेशन, ना सिग्नल. सगळं गप्प झालं की समजायचं, गाडी उभी राहिली.”

मग त्यांनी बायकोला ते सगळं समजावून सांगितलं, नव्या उमेदवाराला सांगावं तसं, न चिडता. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली, की पुढचं बघायचं ड्रायव्हरने आणि मागचं बघायचं गार्डाने. त्याच रुळावर मागून दुसरी गाडी येत असते. तिच्या ड्रायव्हरला काय माहीत, पुढे कोणी अडकून पडलंय म्हणून? तेव्हा गार्डाने बत्ती घ्यायची आणि आल्या वाटेने मागे चालत सुटायचं, चांगलं लांब. तिथे रुळावर तीन फटाके बांधायचे. चाक त्यांच्यावर चढलं की ते वाजतात आणि ड्रायव्हर सावध होतो. आणि मग लाल दाखवत उभं राहायचं. गाडीतले लोक झोपलेले असतात, त्यांना पत्ताही नसतो.

कमळाबाई ऐकत होत्या. या माणसाबरोबर जन्म काढला, आणि हा अंधारात कुठे जाऊन उभा राहत होता ते आज कळत होतं. क्वार्टरमध्ये असताना हे रात्रपाळी करून दिवसा झोपत, तेव्हा बाहेर शंटिंगचा धडाका चालू असे. त्यात कधी यांची झोप मोडली नाही. पण कमळाबाई मुलांना दटावून गप्प करत, आणि घर शांत झालं की हे उठून बसत. तेव्हा त्यांना वाटे, काय आडमुठा माणूस आहे. आणि बरुआसागरच्या पायरीवर गाडी खडखडत गेली तेव्हा हे लेकरासारखे झोपले होते. आपण तेवढ्यासाठी ती जागा टाकली. कमळाबाईंनी तोंडावर हात धरला.

“मग परत कधी यायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“ड्रायव्हरने बोलावलं की. तो इंजिनाची लांब शिटी देतो. ती कानावर आल्याशिवाय गार्डाने जागा सोडायची नाही. पाऊस असो, जनावर असो.” अनंतरावांनी खण नीट धरला. मग आवाज उतरवून म्हणाले, “तुम्ही लोक दंडाला धरून नेता. मी येतो. पण गाडी मागून उघडीच राहते ना. म्हणून पुन्हा यावं लागतं.”

 कमळाबाईंनी त्यांच्या गळ्यातला मफलर नीट केला आणि त्या उलट पावली निघाल्या.

राहुट्यांपाशी विद्याधररावांचे दोन गडी येऊन उभे होते. एकाच्या हातात तंबूची जास्तीची दोरी होती. ती कशासाठी हे कोणी बोललं नाही, पण यज्ञेश्वर तिच्याकडे बघायचं टाळत होता. आईला एकटीच परत आलेली पाहून तो पुढे झाला. कमळाबाई त्याला बाजूला सारून थेट पाण्याच्या घागरीपाशी गेल्या, ओंजळभर पाण्याने त्यांनी ओठ ओले केले, आणि बांधाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांच्या माहेरी बायकांनी शिटी वाजवणं म्हणजे घराण्याला बट्टा. लहानपणी एकदा चिमणीला बघून ओठांचा चंबू केला, तर चुलत्याने थोबाडीत मारली होती. त्यानंतर आज. पहिल्यांदा नुसती फुंकर निघाली. पुढचा एक दात पडलेला, तिथून वारा निसटत होता. गडी एकमेकांकडे बघायला लागले. “आई, काय करतेस हे?” यज्ञेश्वर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात भीती होती, आता हिलाही वेड लागलं की काय, अशी. कमळाबाईंनी जीभ दाताच्या फटीला टेकवली आणि पुन्हा फुंकलं. चिंधी फाटल्यासारखा आवाज आला. पुन्हा. मग अचानक एक बारीक, धारदार शिटी निघाली, आणि त्यांनी ती सोडली नाही. छाती रिकामी होईपर्यंत ती धरून ठेवली. त्या मेलेल्या शांततेत ती पाण्यावरून सरळ पलीकडे गेली.

बांधाच्या त्या टोकाला लाल ठिपका होता. तो लाल नाहीसा झाला. त्याच्या जागी कंदिलाचा साधा पिवळा उजेड दिसला, आणि तो उजेड हलायला लागला. दंडाला धरणारं कोणी नव्हतं, हाक मारणारं कोणी नव्हतं. उजेड आपला आपण, भराभर, एका लयीत जवळ येत होता. अंबिका सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला.

अनंतराव राहुट्यांच्या उजेडात आले. त्यांनी कंदील खाली ठेवला, खणाची नीट घडी केली आणि ती कमळाबाईंच्या हातात दिली. मग त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. रागाने नाही, काम झाल्यावर एक तक्रार तेवढी नोंदवावी, तसं ते म्हणाले, “फार उशीर लावलात बोलवायला.”

 यज्ञेश्वरची मान खाली गेली होती. अनंतरावांनी पिठल्याशी भाकरी खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि राहुटीत जाऊन पडले. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं बाहेर ऐकू यायला लागलं. गडी दोरी गुंडाळून निघून गेले.

चुलीपाशी कमळाबाईंनी मुलाला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हे उद्याही उठतील, तेही त्यांनी लपवलं नाही. शांत झालं की उठतील, परवाही उठतील, रोज उठतील. त्यांचे ओठ अजून झोंबत होते. यज्ञेश्वरने चुलीतली लाकडं मागे ओढली. सकाळच्या मोटारीचं त्याने काही काढलं नाही. मग तो आईच्या जवळ सरकला, आणि अंबिकेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला,

“आई, ओठ कसे धरायचे ते दाखव.”